पाच हजारास एक

मराठीच्या प्राध्यापिकेने फुटबॉलवर लिहावे हे आमच्या स्टाफरूममध्ये कोणाला रुचेल असे वाटत नाही. पण माझे माहेर कोल्हापूरचे. ज्यांना ते गाव ठाऊक आहे त्यांना याहून अधिक खुलासा नको. तिथे तालमींच्या नावाने नुसते मल्लच तयार होत नाहीत, फुटबॉलचे संघही उतरतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. हंगाम तोंडावर आला की पेठेतल्या प्रत्येक कट्ट्यावर भाकितांचा रतीब सुरू होई. यंदा कोण वर, कोण खाली, कोणाचा गोलकीपर म्हातारा झाला, याच्या चर्चेत चहा निवून जात असे. आणि हंगाम संपला की त्या भाकितांची आठवण कोणी काढीत नसे. सरल्या सालचे पंचांग निदान फळीवर तरी राहते. भाकिताला तेवढीही जागा मिळत नाही.

मला मात्र जुनी भाकिते वाचायला फार आवडते. त्यातही एक वर्ष माझ्या विशेष लोभाचे आहे, ते २०१५ चे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०१५-१६ चा हंगाम सुरू व्हायचा होता. ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी इतकेच सांगते की, या लीगमध्ये वीस संघ असतात, प्रत्येकाचे अडतीस सामने होतात, आणि शेवटच्या तीन संघांना खालच्या वर्गात ढकलतात. जिंकल्यास तीन गुण, बरोबरीस एक. आमच्या विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा हे गणित पुष्कळच सरळ आहे.

त्या उन्हाळ्यात जाणकारांचा कौल बहुतेक एकमुखी होता. चेल्सी आधल्या वर्षीचे विजेते. तेच पुन्हा, नाहीतर मँचेस्टर सिटी, नाहीतर आर्सेनल. आणि तळाला जाणाऱ्यांत पुष्कळांनी एक नाव घातले होते, लेस्टर सिटी. त्यात त्यांची काही चूक होती असे मला वाटत नाही. १८८४ साली स्थापन झालेल्या या क्लबाने वरच्या वर्गाचे विजेतेपद एकदाही मिळवले नव्हते. २०१५ च्या एप्रिलच्या आरंभी, नऊ सामने उरले असताना, तो अगदी शेवटच्या जागेवर होता. मग त्या नवांपैकी सात जिंकून त्याने कशीबशी खुर्ची राखली आणि चौदावा नंबर मिळवला. बुडता बुडता वाचलेला माणूस पुढल्या वर्षी पोहण्याची शर्यत जिंकेल, असे कोण म्हणेल? त्यात ज्याने वाचवले तो मॅनेजर जूनअखेर काढून टाकला गेला. त्याच्या जागी आले इटलीचे क्लाउदिओ रानिएरी. वय त्रेसष्ट, स्वभावाने गोड, गाठीशी मोठमोठे क्लब, पण देशाच्या पहिल्या वर्गाचे विजेतेपद कुठेही नाही. याआधीची त्यांची नोकरी ग्रीसच्या राष्ट्रीय संघाकडे होती. २०१४ च्या नोव्हेंबरात त्या संघाला फेरो बेटांनी ग्रीसमध्येच येऊन हरवले आणि नोकरी गेली. फेरो बेटांची सारी वस्ती पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या एखाद्या गावाएवढी! लेस्टरचाच सुपुत्र असलेला जुना नामांकित खेळाडू गॅरी लिनेकर याने ही नेमणूक ऐकून जाहीरपणे विचारले, 'रानिएरी? खरेच?'

इंग्लंडात पैजा लावायची दुकाने राजरोस चालतात. त्यांनी लेस्टरच्या विजेतेपदाला भाव दिला पाच हजारास एक. एक पौंड लावा, पाच हजार घ्या. लॉक नेसच्या तळ्यातला तो प्रसिद्ध राक्षस खरोखर सापडेल याला पाचशेचा भाव होता म्हणतात. म्हणजे राक्षस सापडणे दहापटीने सोपे! पण हा आकडा कोणी हिशेब मांडून काढलेला नव्हता. 'छे, भलतेच!' हा उद्गार आकड्यांत लिहायचा तर तो असाच लिहावा लागतो.

त्याच जूनमध्ये माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा कोल्हापूरहून आमच्याकडे पुण्याला शिकायला आला. बारावीला गुण बेताचेच. इंजिनियरिंग हुकले, म्हणून बी. एस्सी. त्याला पोचवायला घरची चारसहा मंडळी आली होती. जेवणे झाल्यावर सुपारी कातरता कातरता प्रत्येकाने त्या मुलाचे भाकीत वर्तवले, आणि तेही त्याच्या देखत. एक काका म्हणाले, 'पहिलं वर्ष निघालं तरी देव पावला.' दुसरे म्हणाले, 'नाहीतर आपलं दुकान आहेच.' कोणाच्याही मनात वाईट नव्हते. उलट सगळे फार प्रेमाने बोलत होते, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते. मुलगा मान खाली घालून पेल्यातला ताक ढवळीत बसला होता. माझ्या बहिणीने तेवढ्यात सगळ्यांना बर्फी वाढायला घेतली. विषय बदलायची तिची ती जुनी रीत आहे.

अपेक्षा आणि उपेक्षा या सख्ख्या बहिणी आहेत, हे मी वर्गात दर वर्षी सांगते. दोघींचा धातू एकच, 'ईक्ष्', म्हणजे पाहणे. एका उपसर्गाचा काय तो फरक. एकीत माणूस कोणाकडे तरी डोळे लावून बसतो, दुसरीत पाहून न पाहिल्यासारखे करतो. परीक्षा आणि प्रतीक्षा यासुद्धा त्याच घरातल्या. मुले हे टिपून घेतात, कारण प्रश्न येण्याचा संभव असतो. पण घरात एक पोर पेला ढवळीत बसलेले पाहिले, तेव्हा ही व्युत्पत्ती मला वहीतून उठून समोर बसल्यासारखी वाटली.

रानिएरींनी संघापुढे ध्येय ठेवले ते चाळीस गुणांचे. चाळीस झाले की सहसा खाली जावे लागत नाही, असा त्या लीगचा अनुभव. भाच्याला हे फारच आवडले, कारण त्यालाही पासापुरते चाळीसच हवे होते! 'मावशी, आमचं दोघांचं टार्गेट सेम आहे,' असे तो म्हणाला आणि त्या दिवसापासून लेस्टरचा झाला. ८ ऑगस्टला पहिला सामना. शनिवारची संध्याकाळ होती, मी कुकर लावला होता, आणि पंचवीस मिनिटांत लेस्टरचे तीन गोल झाले. सुंडरलँडला त्यांनी ४-२ असे हरवले. आमच्या घरातून कोणी हू की चू केले नाही. एका सामन्याने काय होते!

मग मी त्या संघातल्या माणसांची माहिती काढू लागले, आणि तिथे मात्र माझे मन खऱ्या अर्थाने गुंतले. जेमी वार्डी हा त्यांचा गोल करणारा. काही वर्षांपूर्वी तो कारखान्यात मोडलेल्या हातापायांना लावायच्या आधारपट्ट्या बनवायचे काम करी आणि सुटीच्या दिवशी बारक्या क्लबाकडून खेळे. २०१२ साली लेस्टरने त्याला दहा लाख पौंडांना घेतले तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. या खेळात पंचविशी म्हणजे स्थळे येण्याचे वय उलटल्यासारखेच. रियाद माहरेझ फ्रान्सच्या दुसऱ्या वर्गातून आला, पाच लाखांहूनही कमी किमतीत. एन्गोलो कांटे त्याच ऑगस्टमध्ये आला, छप्पन्न लाखांत. शरीरयष्टी लहानखुरी, चेहऱ्यावर सदा संकोच, पण मैदानात जिथे पाहावे तिथे हजर. आमच्या लग्नघरांत असा एखादा असतो, ज्याचे नाव पत्रिकेत नसते पण पंगत त्याच्यावाचून उठत नाही. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टर सिटीने डी ब्रुइन या एकट्या खेळाडूला पाच कोटी पौंडांहून अधिक मोजले होते, हे लक्षात घ्या. मग पाच हजाराचा भाव तितकासा वेडेपणाचा वाटत नाही.

रानिएरींची माणसे हाताळण्याची तऱ्हा मास्तराने शिकण्यासारखी आहे. एकही गोल न खाता सामना जिंकलात तर पिझ्झा देईन, असे त्यांनी पोरांना सांगून ठेवले होते. ऑक्टोबरअखेर ते एकदाचे जमले. तेव्हा त्यांनी सगळ्यांना पिझ्झाच्या दुकानात नेले खरे, पण सांगितले, 'आता ज्याचा त्याने करून खा!' कोट्यवधींचे धनी एप्रन बांधून कणीक थापताहेत, ही छायाचित्रे पाहून माझ्या बहिणीलाही हसू आवरेना. बाकी त्यांनी संघात फारशी ढवळाढवळ केली नाही. चेंडू आपल्यापाशी ठेवून घेण्याच्या हिशेबात लेस्टर शेवटच्या काही संघांत असे. चेंडू प्रतिपक्षाला खेळवू द्यायचा, दार घट्ट लावून बसायचे, आणि संधी मिळताच वार्डीने वाऱ्यासारखे धावायचे. पंडितांना हा खेळ गावंढळ वाटला असेल. कोल्हापूरकरांना वाटला नाही.

त्या वर्षी दिवाळी ११ नोव्हेंबरला होती, आणि त्या दिवशी लेस्टर तिसऱ्या क्रमांकावर होते. लेस्टर गावात दिवाळी फार मोठी होते, हे पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. बेलग्रेव्ह रस्त्यावरची रोषणाई पाहायला हजारो लोक लोटतात. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले हिंदी लोक, बहुतेक गुजराती, तिथे येऊ लागले, तेव्हा याच गावच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की, कृपा करून लेस्टरला येऊ नका, जागा नाही. लोक तरीही आले. त्यांनी दुकाने काढली, मुले शिकवली आणि रस्त्याला दिव्यांची आरास दिली. भाकिते चुकण्याची सवय त्या गावाला जुनीच म्हणायची.

२८ नोव्हेंबरला वार्डीने लागोपाठच्या अकराव्या सामन्यात गोल केला आणि जुना विक्रम मोडला. नाताळात लेस्टर पहिल्या जागेवर होते. बरोबर वर्षापूर्वी, त्याच दिवशी, ते शेवटच्या जागेवर होते. आणि विजेते चेल्सी? १४ डिसेंबरला लेस्टरनेच त्यांना हरवले, आणि तीन दिवसांनी त्यांच्या बलाढ्य मॅनेजरांना, मोरिन्योंना, निरोप मिळाला. २००४ साली चेल्सीने रानिएरींना काढून त्यांच्या जागी आणले होते ते हेच मोरिन्यो. कादंबरीकाराने असे लिहिले असते तर आम्ही समीक्षक त्याच्यावर योगायोगाच्या अतिरेकाचा ठपका ठेवला असता.

याच सुमारास भाच्याच्या सहामाहीचे गुण आले. सगळ्या विषयांत पास, आणि भौतिकशास्त्रात तर अडुसष्ट. त्याने वडिलांना फोन लावला. मी तिथेच भाजी निवडीत होते, त्यामुळे पलीकडचा आवाज ऐकू येत होता. भावोजींना आनंद झाला, यात शंका नाही. पण तो जेमतेम अर्धा मिनिट टिकला. लगेच ते म्हणाले, 'आता वार्षिकला डिस्टिंक्शन आलंच पाहिजे.' मुलाने 'हो बाबा' म्हटले आणि फोन ठेवला. थोड्या वेळाने टीव्हीकडेच पाहत तो मला म्हणाला, 'मावशी, यांच्याकडं कुणी बघत न्हवतं ना, तवर बरं होतं बघ.' घाईत किंवा दुःखात त्याची भाषा पेठेत जाते. यावर मी काही बोलले नाही. शेवग्याच्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या. तो त्या सोलीत बसला.

पुढचे सारे सांगत बसत नाही. फेब्रुवारीत लेस्टरने मँचेस्टर सिटीला त्यांच्या मैदानावर ३-१ असे हरवले, तेव्हा हसणारे हसायचे थांबले. अडतीस सामन्यांत ते फक्त तीन हरले, त्यातले दोन आर्सेनलशी. निकाल लागला तो २ मे २०१६ ला, आणि तेव्हा लेस्टर मैदानात नव्हतेच! टॉटनहॅमने चेल्सीला हरवले नाही तर विजेतेपद लेस्टरचे, अशी स्थिती होती. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. टॉटनहॅमने दोन गोल केले तेव्हा आमचे 'हे' उठून झोपायला गेले. चेल्सीने दोन्ही फेडले, दुसरा त्र्याऐंशीव्या मिनिटाला हझारने, तेव्हा भाच्याच्या ओरडण्याने ते परत उठून आले. लेस्टरचे खेळाडू वार्डीच्या घरी जमून तो सामना पाहत होते. आणि रानिएरी त्या दिवशी दुपारी रोमला गेले होते, शहाण्णव वर्षांच्या आपल्या आईबरोबर जेवायला. मला त्या साऱ्या हंगामातली ही गोष्ट अधिक आवडते. चाळीस गुण मागणाऱ्या या गृहस्थांच्या नावावर शेवटी एक्क्याऐंशी जमा झाले.

पुढल्या हंगामात लेस्टर पुन्हा तळाकडे घसरू लागले, आणि २३ फेब्रुवारी २०१७ रोजी रानिएरींना काढून टाकण्यात आले. विजेतेपदाला वर्षही झाले नव्हते. हे वाचले त्या दिवशी भाचा जेवला नाही. हे क्लबाचे मालक, थायलंडचे विचाई, २०१८ च्या ऑक्टोबरात स्टेडियमबाहेरच हेलिकॉप्टर कोसळून गेले. २०२१ मध्ये त्या संघाने एफ. ए. कप जिंकला आणि २०२३ मध्ये तो खालच्या वर्गात गेला. भाच्याचे काय झाले, असे कोणी विचारील. तो आपल्या पोटापाण्याला लागला आहे. त्याहून जास्त त्याच्याबद्दल मी छापणार नाही. त्याला बघ्यांचा पुरेसा अनुभव आहे.

एक वाद मात्र आमच्या घरात अजून मिटलेला नाही. लेस्टरच्या एका भक्ताने हंगामाच्या आधी पाच हजाराच्या भावाने पन्नास पौंड लावले होते. शेवटपर्यंत थांबता तर अडीच लाख मिळते. पण हंगाम संपायला दोनेक महिने असताना दुकानदाराने मध्येच हिशेब मिटवायची तयारी दाखवली, आणि त्याने सुमारे बहात्तर हजार पौंड घेऊन पैज सोडली. आमचे हे बँकेतले. त्यांच्या मते याहून शहाणा माणूस इंग्लंडात झाला नाही. भाचा म्हणतो, ज्याचा विश्वास मार्चपर्यंतच टिकतो तो कसला भक्त? दर दिवाळीला फराळाच्या ताटावर हा खटला पुन्हा उभा राहतो, आणि माझी बहीण दर वेळी चकलीचा डबा पुढे करीत विचारते, 'पण मुळात पन्नास पौंड लावायला त्याच्या बायकोनं दिले कसे?'