लिद्दरचे उन्हाळी पाणी

आमच्या देशावरच्या नद्या ज्येष्ठात आटून डोहापुरत्या उरतात. त्यामुळे भर उन्हाळ्यात नदी फुगते ही गोष्ट काश्मिरात पहलगामच्या वर, आडूच्या वाटेवर लिद्दरच्या काठी मुक्काम पडेपर्यंत मी केवळ ऐकून होतो. पश्चिम लिद्दर कोलाहोईच्या हिमनदीतून निघते, आणि रात्रीच्या गारठ्याने आवरलेला तिचा प्रवाह दिवसाच्या उन्हाने बर्फ वितळू लागले की दुपारनंतर चढतो व गढूळ होतो. ट्राउट मासा गळाने धरण्यासाठी मत्स्यखात्याच्या परवान्याने एक ठरावीक टापू आम्हांस नेमून मिळाला होता आणि तेथे पिसांच्या कृत्रिम माशीखेरीज अन्य आमिषास मज्जाव होता.

दिमतीस आलेल्या वृद्ध वाटाड्याने काठी जोडण्यापूर्वी विलोची एक सोललेली काडी पाण्याच्या कडेला वाळूत रोवली. “साहेब, आधी पाणी पाहा, मासा मागाहून,” असे म्हणून त्याने प्रवाहातला एक धोंडा उलटला; त्याच्या तळाशी वाळूचे कण चिकटवून केलेल्या इवल्या नळ्या होत्या, आणि प्रत्येक नळीत एकेक अळी जीव धरून होती. ट्राउटचे अन्न ते हेच. प्रवाहाला तोंड करून, धोंड्याआडच्या संथ पाण्यात तो अशा वाहत्या घासाची वाट पाहतो. पाणी चढले की काठालगत सरकतो, आणि अशा वेळी लांब फेकीचे कौशल्य दाखविण्यापेक्षा पायांपुढचे हातभर पाणी निगुतीने धुंडाळणे अधिक फलदायी, हे मी तेथे शिकलो.

हा मासा मूळचा येथला नव्हे. विलायतेहून आणविलेली त्याची पहिली अंडी प्रवासातच नासली. पुढे 1900 च्या सुमारास फ्रँक मिचेल यांच्या खटपटीने दुसरी खेप जगली व हारवनला पैदास सुरू झाली. विलायतेत उन्हाळ्यात पाणी वीस अंशांच्या आसपास तापले, की त्यातला प्राणवायू उणावून ट्राउट कासावीस होतो. येथे तोच ऋतू त्याला थंडगार, प्राणवायूने समृद्ध पाणी देतो, पण वेग आणि गढूळपणा यांची जबर पट्टी वसूल करून!

सकाळच्या निवळ पाण्यात गळाला लागलेला मासा वितभरही नव्हता. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर कोरड्या हाताने निघतो, म्हणून वाटाड्याने हात भिजवून, तांबड्या ठिपक्यांचा तो पिवळसर जीव क्षणभर तोलला आणि सोडून दिला. दुपारी काडी बुडाली, तेव्हा आम्ही दोरी गुंडाळली. सप्टेंबरअखेर शिकारीचा हंगाम बंद होतो, त्याच्या आधी भाद्रपदात पाणी निवळते, असे त्याने सांगितले. पुढचा परवाना त्याच महिन्याचा मागण्याचे मी तेथेच ठरविले.