उरलेल्या गोळ्या

गेल्या हिवाळ्यात मला खोकला व ताप आला. घरातील औषधांच्या डब्यात सौभाग्यवतींच्या जुन्या आजारातील चार प्रतिजैविक गोळ्या उरल्या होत्या. नालवाडीहून वर्ध्याचे डॉक्टर काही दूर नाहीत. तरीही मी त्याच गोळ्या दोन दिवस घेतल्या. ताप उतरला आणि मी निश्चिंत झालो.

आठवड्याने ताप परतला, तो बरगडीतील कळ घेऊनच. न्यूमोनिया निघाला. रुग्णालयात पहिल्या औषधाने तीन दिवसांत उतार पडला नाही. थुंकीच्या तपासणीत कारण कळले : छातीतील जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते. औषध बदलले, तेव्हा मी वाचलो. माझ्या गोळ्यांमुळेच हे घडले, असे डॉक्टरांनी ठामपणे म्हटले नाही. परंतु अपुऱ्या औषधाने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरून वाढतात, हे त्यांनी समजावले.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात हाच इशारा दिला होता. त्यांच्या काल्पनिक उदाहरणातील गृहस्थ घसा दुखतो म्हणून अपुरे पेनिसिलिन घेतो. चिवट झालेले जंतू पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन निष्फळ ठरते आणि ती दगावते. हे वाचताना मला आजारपणात माझ्याच कुशीत झोपणारा नातू आठवला.

ही नुसती कल्पना राहिलेली नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण २०१२ मध्ये जगासमोर आणले. त्यांपैकी तिघांना पूर्वी देखरेखीविना, अनेकदा चुकीच्या मात्रेत औषधे मिळाली होती.

आपल्या घरी अठाई धरणारा चौथ्या दिवशी स्वतःच्या मनाने पारणे करीत नाही. डॉक्टरांनी नेमून दिलेल्या दिवसांचेही तसेच आहे. विषाणूंमुळे होणाऱ्या साध्या सर्दीला तर ही औषधे लागतच नाहीत.

आपल्यापैकी अनेकांची औषधांची दुकाने आहेत. १ मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मधील औषधांची विक्री डॉक्टर व रुग्णाच्या नावासह स्वतंत्र वहीत नोंदवावी लागते. चिठ्ठीविना गोळ्या मागणाऱ्या ओळखीच्या ग्राहकाला नकार देणे जड जाते, हे मी जाणतो. परंतु तो नकारही अहिंसेचेच आचरण होय.

आमच्या डब्यात आता उरलेल्या गोळ्या ठेवीत नाही.