ज्वालामुखीची काय चूक होती?

आमच्या आजीला हिंदी यायचं नाही, तरी ‘एफ.आय.आर.’चा एकही भाग ती चुकवायची नाही. म्हणजे लाइट असेल तर. त्या काळात बावड्यात भारनियमन असं होतं की आज रात्री लाइट आहे का नाही, यावर स्वयंपाक लवकर होणार का उशिरा हे ठरायचं. लाइट असली की ताटं आवरून आम्ही टीव्हीसमोर. आजी कॉटवर, मी खाली सतरंजीवर. चंद्रमुखी चौटालानं कुणाच्या तरी कानाखाली काढली की आजी स्वतःच्याच मांडीवर थाप मारायची. “बघ बघ, बाई कशी मुस्काडात देतीया!” त्यातल्या दोन हवालदारांना तिनं काळू-बाळू म्हणायला सुरुवात केली होती. कवलापूरच्या काळू-बाळूंचे हवालदार तिनं तरुणपणी तमाशात पाहिलेले. त्यामुळे गोपी आणि गुलगुले तिला पहिल्या दिवसापासून घरचेच वाटले.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. ‘एफ.आय.आर.’ २००६ साली सब टीव्हीवर सुरू झाली आणि जानेवारी २०१५ मध्ये संपली. एक पोलीस चौकी, तिची हरियाणवी इन्स्पेक्टर चंद्रमुखी चौटाला (कविता कौशिक), हाताखाली गोपी भल्ला आणि किकू शारदा हे दोन हवालदार. ऑफिसातली कॉमेडी, फक्त खाकीतली. आणि साहेब बाई. आज हे वाचताना विशेष वाटणार नाही, पण तेव्हा मी ज्या ज्या ऑफिसात वडलांबरोबर गेले होते तिथे साहेबाच्या खुर्चीवर बाई दिसली नव्हती. मी चौथीत असतानाच ठरवून टाकलं होतं की आपण पोलीस होणार.

मग २०१३ साली एका रात्री टीव्ही लावला तर त्या खुर्चीवर दुसरीच बाई. चौकी तीच, टेबल तेच, खाकी तीच, बोलण्याची ढबही तीच. इन्स्पेक्टर ज्वालामुखी चौटाला.

“ही कोण गं? आपली कुठं गेली?”

“तिनं सोडली सिरियल.”

“मग हिला तिच्या खुर्चीवर कशापायी बसवलंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गल्लीतल्या आम्ही चौघींनी शाळेच्या वाटेवर सिरियल बघायची नाही अशी शपथच घेतली. ती नवी बाई म्हणजे चित्राशी रावत. ‘चक दे! इंडिया’तली बारकी, तिखट कोमल चौटाला. म्हणजे आडनावसुद्धा तिच्याकडे आयतंच होतं. ती चांगलं काम करते का, हा प्रश्न आमच्यातल्या एकीनंही विचारला नाही. ती चंद्रमुखी नव्हती, एवढा गुन्हा पुरेसा होता.

मध्यंतरी मोबाइलवर तिचे काही तुकडे पुन्हा पाहिले. बाई वाईट नव्हती हो. टायमिंग होतं, आवाजात जोर होता. मग बिघडलं काय?

सासू-सुनांच्या मालिकेत चेहरा बदलला तर आपण दोन दिवस कुरकुर करतो आणि पुढे बघत राहतो, कारण तिथे गोष्ट ओढत नेते. कुणाचं लग्न मोडणार, कुणाचं बाळ बदललं, हे कळायचं बाकी असतं. ऑफिसातल्या कॉमेडीत कळायचं बाकी काही नसतं. चोर येणार, पकडला जाणार, उद्या दुसरा येणार. तरीही आपण रोज बसतो ते कशासाठी? मला तरी चंद्रमुखीचा हात उठायच्या आधीचा अर्धा सेकंद हवा असायचा. त्या अर्ध्या सेकंदात गोपीचा गाल आधीच आक्रसायचा आणि मार खाणारा दुसराच निघायचा. तो गाल तसा आक्रसायला लागण्यामागे काही वर्षं होती. विनोद चंद्रमुखीत नव्हता आणि गोपीतही नव्हता, दोघांच्या मधल्या जागेत होता. म्हणूनच एक माणूस गेलं की उरलेलेही थोडे मुके होतात. ज्वालामुखीपेक्षा मला हे जास्त खटकलं होतं: गोपी आणि गुलगुले तेच असूनही अचानक अभिनय करतायत असं वाटायला लागलं.

याच्या बरोबर उलटा प्रयोग त्याच चॅनेलवर आधी होऊन गेला होता. (सब म्हणजे श्री अधिकारी ब्रदर्स, चॅनेल मुळात मराठी माणसांचं.) २००१ ची ‘ऑफिस ऑफिस’. तिच्यात ऑफिस दर वेळी बदलायचं. आज बँक, उद्या हॉस्पिटल, परवा आणखी कुठलं सरकारी खातं. पण मुसद्दीलाल झालेले पंकज कपूर कुठल्याही खिडकीवर गेले तरी पलीकडे तीच मंडळी. शुक्लाच्या तोंडात पान, भाटियाचं खाणं चालू, पटेल, पांडेजी आणि आपल्या आसावरी जोशींच्या उषाजी. पाटी बदलली तरी एकाही प्रेक्षकाला फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये सिनेमा काढला तेव्हाही हीच टोळी बरोबर घेतली. भिंती बदला, माणसं बदलू नका, हे त्यांना कळलं होतं. ‘एफ.आय.आर.’नं चौकी तशीच ठेवली आणि माणूस बदललं.

मग माणूस बदलायचंच नाही का? कलाकार कंटाळतात, आजारी पडतात, वारतात. अमेरिकेतली ‘द ऑफिस’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. २०११ मध्ये सातव्या सीझनला स्टीव्ह कॅरेल, म्हणजे मॅनेजर मायकल, निघून गेला. त्यानंतर दोन सीझन झाले. मॅनेजरची खुर्ची आधी विल फेरेलच्या पात्रानं थोडे दिवस गरम केली, मग अँडीला दिली. अँडी सेल्समन म्हणून मला आवडायचा. मॅनेजर झाल्यावर मायकलचा बावळटपणा त्याच्या अंगावर चढवला आणि तो कोणाचाच राहिला नाही. उलट ‘चीअर्स’ बघा. बोस्टनमधला एक बार, १९८२ ते १९९३. तिथला म्हातारा बारटेंडर ‘कोच’ करणारा नट १९८५ मध्ये वारला. लेखकांनी दुसरा म्हातारा आणला नाही. खेड्यातला एक भाबडा पोरगा आणला, वूडी. तो येतो तो कोचलाच भेटायला, आणि कोच गेल्याचं त्याला तिथे कळतं. दोन वर्षांनी नायिका सोडून गेली. ती वेट्रेस होती. तिच्या जागी दुसरी वेट्रेस नाही आली, नायकाच्या डोक्यावर बसणारी मॅनेजर आली. गेलेल्याची जागा तशीच रिकामी ठेवली आणि शेजारी नवीन खुर्ची टाकली. बार आणखी सहा वर्षं चालला.

नाटकाचं गणित मात्र निराळं आहे, नाहीतर मराठी रंगभूमी केव्हाच बंद पडली असती. पुण्यात शिकायला होते तेव्हा ‘ऑल द बेस्ट’ पाहिलं. भरत जाधव, अंकुश चौधरी आणि संजय नार्वेकर या पहिल्या संचाची ख्याती मी फक्त ऐकलेली. माझ्यासमोर वेगळीच तिघं होती आणि मी खुर्चीत लोळून हसले. पण तिथे आंधळा, मुका, बहिरा यांचा घोटाळा संहितेतच पक्का बांधलेला आहे. शिवाय मी ते एकदाच बघणार होते. चंद्रमुखी मी सात वर्षं बघत होते, आणि तिच्या लेखकांनीही सात वर्षं तिच्याच मापानं कपडे शिवले होते.

हे मापाचं मला जरा उशिरा कळलं, आणि टीव्हीसमोर नाही, डेअरीवर कळलं.

पोलीस भरतीत मी दोनदा धावले. दोन्ही वेळा थोडक्यात राहिले. २०२१ मध्ये गावातल्या एका दूध संकलन केंद्रावर जागा झाली. तिथे पंधरा वर्षं फॅट मशीनवर बसणारे बापू मुलाकडे चाकणला निघाले होते, गुडघे गेले होते त्यांचे. अण्णा, म्हणजे आमचे सचिव, वडलांना म्हणाले, पोरीला कॉम्प्युटर येतो, पाठवा. पहाटे साडेपाचला मी बापूंच्या खुर्चीवर.

बापू म्हणजे त्या डेअरीची चंद्रमुखी. प्रत्येक गवळ्याला त्यांनी ठेवलेलं एक नाव होतं. फॅट कमी लागली की म्हणायचे, “पाव्हणं, आज आंघोळ म्हशीला घातली का दुधाला?” सगळी डेअरी हसायची, ज्याचं दूध तो सुद्धा. मागे अण्णा कपाळाला आठ्या घालून रजिस्टर लिहीत असायचे आणि बापूंच्या प्रत्येक वाक्यावर नुसतं “हं” म्हणायचे. त्या “हं”वर आणखी हशा. दूध घालून झालं तरी लोक अर्धा तास किटल्या वाजवत उभे राहायचे. लहानपणी वडलांबरोबर जायचे तेव्हा मला ती डेअरी एक मालिकाच वाटायची, सकाळचा भाग आणि संध्याकाळचा भाग.

आठवड्याभरात मला वाटलं, आपणही जरा वातावरण मोकळं करावं. एका काकांचं दूध मशीनला लावलं, फॅट तीनच्या खाली. मी बापूंचंच वाक्य म्हणाले. शब्द न् शब्द तोच, हेलसुद्धा तोच.

कुणीच हसलं नाही. काका किटली खाली ठेवून म्हणाले, “पाणी घातलंय म्हणतीस का, पोरी?”

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं चाळीस लिटर दूध पलीकडच्या डेअरीला. दहा दिवसांचं बिल काढताना ते अण्णांना दिसलं. “बापूचं तोंड घेऊन बोलायला गेलीस,” एवढंच म्हणाले. त्यांचंही काही चुकलं नाही. बापूंना ते काका तीस वर्षं ओळखत होते, एकाच उसाच्या बांधावर दोघांनी भांडणं केली होती. त्या वाक्यातली शिवी त्या तीस वर्षांनी झिजून गेली होती. माझ्या तोंडून ती कोरी करकरीत बाहेर पडली.

नंतर तीन-चार महिने मी गप्पच. लोक यायचे, स्लिप घ्यायचे, जायचे. आणि बघा, अण्णाही गप्प झाले. बापूंशिवाय त्यांचं “हं” म्हणजे नुसता राग वाटायला लागला. लोक कुजबुजायचे, अण्णा हल्ली लई तापट झाल्यात. अण्णा होते तसेच होते. गोपी आणि गुलगुले.

तेव्हा मला आजीचं एक बोलणं आठवलं. शपथ घेतल्यावरही आजी ज्वालामुखी बघतच होती, मी तोंड फिरवून बसायचे. एकदा तिला चिडून विचारलं, तुला कशी गं आवडते ही? ती म्हणाली, “आवडत न्हाय. पर तिचं काय चुकलं? आणली त्यानंच तिला दुसरीचं लुगडं नेसवलं. मग लोक लुगडंच बघणार की.”

आजी आजोबांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली. देव्हाऱ्यात तिचा टाक होता, सणाला नैवेद्य आधी त्याला. पहिलीच्या हातची शेंगाची चटणी कशी असायची, पहिली पाव्हण्यांशी कशी बोलायची, हे आजीनं लग्नानंतर कितीतरी वर्षं ऐकलं. सुरुवातीला तिनं तशीच चटणी करायचा प्रयत्न केला म्हणे. मग सोडून दिला आणि जवसाची करायला लागली, तिच्या माहेरची. आमच्या घरात आजही जवसाचीच होते. शेंगाची कशी होती हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. आजीही नाही.

मी काही ठरवून केलं नाही. पण बऱ्याच म्हाताऱ्या बायका दूध घेऊन येतात, त्यांना स्लिप वाचता येत नाही, आणि साडेतीन-साडेआठच्या खाली दूध लागलं की दर का पडतो हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मी स्लिप मोठ्यानं वाचायला लागले. एसएनएफ कमी का लागलं असेल, काय चारा घातला, मिनरल मिक्श्चर देता का, असं विचारायला लागले. त्यातून गप्पा. एक आजी मला ‘डाक्टरीन’ म्हणायला लागल्या. अण्णांना कॉम्प्युटरवरच्या हिशोबावर विश्वास नाही, ते अजून रजिस्टर लिहितात आणि माझ्याशी पैशापैशावरून वाद घालतात. त्या वादाला आता प्रेक्षक असतात. पूर्वीइतके लोक थांबत नाहीत, हेही खरंच. काही गेले ते गेलेच.

‘एफ.आय.आर.’मध्ये पुढे कविता कौशिक परत आली होती. आम्ही चौघींनी शपथ मोडली, आजीनं मांडीवर थाप मारली. पण मधला तो खंड दिसत राहायचा. सगळे जरा जास्तच जोरात हसवत होते.

गेल्या वर्षी गावच्या जत्रेला बापू आले. सकाळी काठी टेकत डेअरीवर हजर. मी उठले, त्यांना खुर्ची दिली. नेमके तेच काका रांगेत (दोन वर्षांनी परत आले होते ते). बापूंनी किटली पाहिली आणि म्हणाले, “काय पाव्हणं, आंघोळ कुणाला?” सगळी रांग हसली. काका सर्वांत जास्त. अण्णा म्हणाले, “हं.”

मग बापूंनी मशीनकडे हात नेला. जुन्या मशीनचं बटण उजव्या अंगाला होतं. नवीन येऊन वर्ष झालंय. त्यांचा हात तिथे थोडा वेळ चाचपडत राहिला.

“ताई,” ते मला म्हणाले, “हे कुठनं चालू करायचं?”

मी काही बोलायच्या आत अण्णा मागून म्हणाले, “तिला बसू द्या, बापू. तुम्ही चहा घ्या.” बापू उठले, मी बसले. मशीन चालू केलं, स्लिप निघाली. सवयीनं मी ती मोठ्यानं वाचली: फॅट तीन पॉइंट सहा, एसएनएफ आठ पॉइंट चार.

“डिग्री किती ते सांग की,” बापू म्हणाले.