२१४७४८३६४७ बाइट

१९९८ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका कंपनीत मी डीबीए होते. सोलारिस २.५.१ वर ओरॅकल ७.३, रोज रात्री क्रॉनमधून एक्स्पोर्ट, मग कॉम्प्रेस, मग टेप. एका गुरुवारी दुपारी व्हाउचरच्या टेबलमधल्या भलत्याच नोंदी डिलीट झाल्या, कमिटही झालं. अकाउंट्सचा मुलगा धावत आला. "मॅडम, कालच्या बॅकअपमधून मिळेल ना?"

"मिळेल की. अर्धा तास दे."

टेपवरून डंप उतरवला, इम्पोर्ट लावला. व्हाउचरचं टेबल त्यात नव्हतंच. एक्स्पोर्ट टेबलं नावाच्या इंग्रजी वर्णक्रमानं घेतो, आणि आमचा लॉग 'एस'पाशी थांबला होता. खाली ईएक्सपी-००००२: फाइलमध्ये लिहिता आलं नाही. सलग नऊ रात्री तेच. डिस्कवर जागा तर भरपूर होती. एलएस मारून आकार पाहिला: २१४७४८३६४७. ३२ बिटांपैकी एक चिन्हासाठी गेला की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या. स्क्रिप्ट मात्र तो अर्धवट डंप रोज कॉम्प्रेस करून टेपवर चढवत होती. लॉग वाचणं माझं काम होतं. मी टेपवरची फाइल पाहून घरी जात होते.

रविवारच्या कोल्ड बॅकअपनं वाचवलं. डेटाफाइल आम्ही प्रत्येकी दोन जीबीच्या आत ठेवल्या होत्या, म्हणून त्या धड होत्या. दुसऱ्या मशिनवर डेटाबेस उभा करून तेवढं टेबल काढलं. सोमवारपासूनची व्हाउचरं कागदावरून पुन्हा भरावी लागली. निवृत्तीला आलेले एक काका बोटाला रबरी टोपी लावून रात्री अकरापर्यंत गठ्ठा उलटत होते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ते मला आजही लागतं.

मोठ्या फाइलींची सोय सोलारिस २.६ मध्ये आली होती, पण आमचं ॲप्लिकेशन त्यावर तपासलेलं नव्हतं. मग नेम्ड पाइप केला. एका तोंडानं एक्स्पोर्ट ओततो, दुसऱ्या तोंडाशी कॉम्प्रेस वाचतो, पुढे स्प्लिट ५०० एमबीचे तुकडे पाडतो: एए, एबी, एसी. अख्खा डंप डिस्कवर कधी उतरतच नाही. वाचणारी बाजू आधी बॅकग्राउंडला सोडायची, नाहीतर एक्स्पोर्ट पाइपच्या दारात रात्रभर ताटकळतो. पहिल्या रात्री तसंच झालं.

शनिवारी तुकडे कॅटनं जोडून, अनकॉम्प्रेसमधून उलट्या पाइपात सोडले आणि इम्पोर्टला 'शो' लावून सगळा डंप नुसता वाचायला लावला. ऑपरेटर चहा घेऊन शेजारी उभा होता. 'एस' गेला, 'टी' गेला.

"मॅडम, व्हाउचर आलं. निघू या?"

"थांब रे," मी म्हटलं. शेवटची ओळ अजून यायची होती.