टूटूचे आजोळ

संत मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिली, तेव्हा पुरुषांच्या त्या लांब रांगेत तामार, राहाब आणि रूथ यांचीही नावे घातली. रूथ तर मवाबातून आलेली परकी सून! आपल्या घराण्यांच्या वंशावळी पाहिल्या म्हणजे याचे मोल कळते. आमच्या घरी पाच पिढ्यांचे पुरुष तोंडपाठ आहेत. पणजीचे माहेर मात्र कोणालाच सांगता येत नाही.

स्त्रीच्या कुळाचा शोध म्हटला की आम्हां मांडवीकरांना टूटू आठवते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. बरोबर राणी सुपायालत आणि लहानग्या राजकन्या होत्या. चौथी राजकन्या तर 1887 साली येथेच जन्मली. आज आपण पाहतो तो थिबा पॅलेस 1910 साली पुरा झाला. 1916 च्या डिसेंबरात राजाने येथेच देह ठेवला आणि 1919 साली त्याचे कुटुंब रंगूनला परतले.

थोरल्या राजकन्येचा जीव मात्र रत्नागिरीत गुंतला होता. राजाकडे चाकरीस असलेले गोपाळ सावंत आणि ती यांची मुलगी म्हणजे टूटू. राजकन्या रत्नागिरीस परत आली आणि 1947 साली येथेच वारली. टूटूने मराठी बोलत, येथल्याच माणसाशी लग्न करून गरिबीचा संसार केला. 2000 साली ती गेली.

राजाची हकिकत सरकारी दप्तरांत सापडते. नातीचा माग मात्र माणसांच्या आठवणींतूनच काढावा लागतो. सुधा शाह यांनी दप्तरे चाळली, वंशजांनाही गाठले. 2012 साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि टूटूचे आजोळ जगाला कळले. 2016 च्या डिसेंबरात थिबाच्या शंभराव्या स्मृतिदिनी ब्रह्मदेशातील वंशज त्याच्या समाधीपाशी आले. समुद्राने दूर केलेले एक घराणे पुन्हा एकमेकांस ओळखू लागले.

आपले काम त्या मानाने सोपे आहे. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत मुलाच्या बापाबरोबर आईचे नाव असते, धर्मपित्याचे व धर्ममातेचे असते. पुढे लग्न झाले की त्याची नोंदही तेथेच केली जाते. म्हणून विवाहाच्या नोंदीवरून स्त्रीच्या बाप्तिस्म्याचा धर्मग्राम आणि तेथून तिच्या आईचे नाव शोधता येते. आजीकडून पणजीकडे, अशी वाट मागे मागे जाते. जुन्या नोंदी लॅटिन वा पोर्तुगीज भाषेत असतात. त्या वाचायला फादरांची मदत घ्यावी.

पण कोणत्या गावची वही उघडायची, हे वही सांगत नाही. आमची मोठी आत्या नव्वदीची आहे. पणजी मालवणकडून गलबतातून आली, एवढे तिला आठवते. त्या एका वाक्यावर आमचा शोध उभा आहे. तिच्यामागे ते सांगणारे आमच्या घरात दुसरे कोणी नाही.

वाचकहो, तुमच्याही घरात अशी एखादी आत्या वा आजी असेल. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर तिच्याजवळ बसा, तिच्या आईचे, आजीचे नाव विचारा आणि लगेच लिहून ठेवा.