तळ्यातली दाटी

इंदापूर तालुक्यात आणि बारामतीच्या जिरायती पट्ट्यात उन्हाळा तापला की बागा शेततळ्यांवर तगतात. रोज थोडं थोडं पाणी ठिबकला जातं, कडेचं काळं प्लॅस्टिक वीत वीत उघडं पडतं आणि तळात काय चाललंय ते दिसू लागतं. पाणी नुसतं खदखदत असतं. मासेच मासे! पण जाळं ओढावं तर हाती लागतात ते बोटाएवढे. दोन हंगाम पेंड खाऊनही तळहातापलीकडे न गेलेले.

ही चिलापी. उजनीकाठी कुणालाही तिची ओळख करून द्यावी लागत नाही. १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पुरं झालं, पाणी पळसदेव, कळाशी, भिगवणपर्यंत पसरलं, आणि आज इंदापूर-भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाला लागतो त्या मालात हिचाच भरणा असतो. मूळची ती आफ्रिकेची, भारतात आली १९५२ साली. चिवट, मिळेल त्यावर जगणारी, गरिबाच्या ताटात स्वस्तात पडणारी. तिचे उपकार नाकारता येत नाहीत. उजनीच्या काठावर कितीतरी भोई घरांची चूल तिच्यावर पेटते. बंदिस्त पाण्यात मात्र तिची वीणच तिच्या मुळावर येते.

मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं पोहू लागली तरी धोका दिसताच पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. जाळ्यात आलेली एखादी मादी हातात घेऊन पाहावी. हनुवटी फुगलेली, जबडा घट्ट मिटलेला. अंगठ्याने हलकेच उघडला की पिवळसर अंडी तळव्यावर ओघळतात. एवढी राखण असल्यावर पिल्लं जगणार नाहीत तर काय!

रोहू-कटला साचलेल्या तळ्यात वीण घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं. चिलापी दोन-तीन महिन्यांची झाली की विणीला येते, आणि उबदार पाण्यात महिना-दीड महिन्याने पुन्हा. दाटी वाढते, वाट्याचं खाद्य घटतं आणि अंगाला लागायचं ते अंड्यांत जातं. म्हणून तळ्यातलं बोटभर पोर पुष्कळदा पोर नसतंच. डोकं मोठं, डोळे टपोरे, पाठ विळ्याच्या पात्यागत बारीक. ती चार वेळा विणलेली आई असते.

मालक बिचारा खाद्य वाढवतो. ते खाऊन पिल्लंच वाढतात. जाळ्यात आलेली लहान मासळी ‘वाढू दे अजून’ म्हणून परत सोडतो, आणि ही दया तळ्याला सोसत नाही.

अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या ऑबर्न इथे होमर स्विंगल यांनी १९३० च्या दशकापासून शेतातल्या तळ्यांचा हाच हिशेब मांडला. तिथे गळ टाकण्याच्या हौसेसाठी खासगी तळी राखतात. त्यांत बास हा शिकारी मासा आणि ब्लूगिल हे त्याचं भक्ष्य. बास फार झाले की ब्लूगिलची पिल्लं संपतात आणि फूटभराचे बास खंगून तिथेच अडतात. हौशी माणसं पकडलेला बास मायेने पुन्हा पाण्यात सोडतात आणि उपासमार लांबवतात. लहान बास दरवर्षी काढून खा, हाच तिथला उतारा. तिकडे खाणाऱ्यांची गर्दी, इंदापुरात खाल्ले जाणाऱ्यांची; हात दोन्हीकडे आवरून चालत नाही.

‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ साली आली. तिच्यातलं तीस बाय तीस मीटरचं तळं म्हणजे जेमतेम नऊ गुंठे. एवढ्या पाण्यात माणसाला समतोल राखता येतो. मरळ सोडली तर ती चिलापीची पिल्लं फस्त करते; फक्त रोहू-कटला आधी चांगले हातभर होऊ द्यावेत आणि मरळ त्यांच्यापेक्षा लहान असावी, नाहीतर तीच त्यांची बोटुकली गिळते. नुसत्या नरांचं बीज घेतलं तर विणीचा प्रश्नच उरत नाही, पण ते खात्रीच्या ठिकाणचं हवं.

उजनीत बारीक आसाच्या जाळ्यांविरुद्ध मच्छीमार बोलतात ते रास्तच आहे. त्या जाळ्यांत रोहू-कटल्याची बोटुकलीही जाते आणि पुढच्या सालची मासळी बुडते. शेततळ्यात मात्र तेच बारीक जाळं कामाचं ठरतं, कारण काठावर बसून निवड करता येते. रोहू पुन्हा पाण्यात, चिलापी पाटीत. खाण्याजोगी घरात, उरलेली सुकवून कोंबड्यांना.

मे अखेरीला तळ पुरता कोरडा करावा, एखादं डबकंही ठेवू नये. पाणी उरलंच तर मोहाची पेंड टाकतात. तिने मासे मरतात आणि काही दिवसांनी तीच खत होते. मग मोटर सुरू करण्याआधी पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. उजनीतून उपसलेल्या पाण्याबरोबर पिल्लं येऊ शकतात, आणि तळं पुन्हा भरायला चिलापीची एक जोडी पुरते.