मृदंगाला पूर्ण तिकीट

शेगाव, ८ जानेवारी

ती. बाबा,

पोचले. विदर्भ एक्स्प्रेस वेळेवर आली, हेच वाईट झालं. तिची वेळ म्हणजे पहाटेचा काळोख. फलाटावर माणसं उपरण्यात डोकी खुपसून बसलेली, आणि जी उठून उभी होती ती सगळी चहावाल्याभोवती. आईने मृदंगाला गुंडाळलेली शाल सोडून मी अंगावर घेतली. मृदंगाला थंडी वाजत नाही, मला वाजते, एवढं तिला सांगा.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई स्वतःच्या मनाने सांगते, म्हणून पत्रं. चिनूकडून वाचून घ्या, पण तिचा अभ्यास मोडून नको.

गजानन महाराजांचं दर्शन झालं. तुमच्या वतीने डोकं टेकलं.

आता कचोरी. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास इथे स्टेशनावर ही सुरू केली, आणि आता गावाच्या नावानेच ओळखली जाते. चपटी, वरून कडक, आत तिखट मसाला, सोबत तळलेली हिरवी मिरची. पहिली थंडीसाठी खाल्ली, दुसरी चवीसाठी. तिसरीचं कारण देत नाही. दोन-तीन दिवस टिकते म्हणतात, तरी तुमच्यासाठी आणणार नाही; डॉक्टरांनी काय सांगितलंय ते आठवा.

मृदंगाच्या दुरुस्तीचं म्हणाल तर इथे विचारायला लागलं की प्रत्येक जण एकच सांगतो: संस्थान. संस्थान गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा, ज्ञानेश्वरी, गाथा देतं हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे या भागात लहानशा वस्तीवरही मृदंग निघतो. भक्तनिवासाच्या पायरीवर मेहकरकडचे एक आजोबा भेटले. त्यांच्या गावच्या मृदंगाची शाई उडालीय, आणि तीन तालुके फिरूनही ती भरून देणारा रिकामा सापडत नाही. "प्रकटदिन आला ना बाप्पा," म्हणाले, "सगळ्यायचेच मृदंग दवाखान्यात." माघ वद्य सप्तमीला सगळ्या दिंड्या इथे येणार, म्हणजे आत्ता दुरुस्तीची घाई शिगेला. आपण नेमका हाच महिना निवडला, आणि निवडला तुम्ही.

झोप येतेय. बाकी खामगावहून.

खामगाव, १० जानेवारी

ती. बाबा,

आधी कंडक्टर. कुठल्या स्टँडवर ते लिहीत नाही. बाई म्हणून मला एसटीत अर्धं तिकीट. मृदंग मांडीवर घेऊन बसले होते, कोणाच्या पायात नाही की डोक्यात नाही. त्याने बोट दाखवून विचारलं, "हे काय?" मृदंग, म्हटलं. "लगेज." अहो, मांडीवर आहे. "मांडीवर लेकरू असतं. हे लेकरू नाही." मग त्याने अशी पावती फाडली की मृदंगाचं भाडं माझ्याहून जास्त झालं. वर म्हणतो, "तुमचं अर्धं हाय ना, मग याचं पूर्ण. बरोबर झालं." मागच्या बाकावरचे हसले. मीही हसायला हवं होतं, पण पोटात सकाळपासून काही नव्हतं. पावती ठेवली आहे, तुम्हाला दाखवीन.

बाजारात वाद्यांची दुकानं आहेत. बाहेर ढोलक्या टांगलेल्या, पिवळ्या-तांबड्या रंगाच्या, नटबोल्टने आवळायच्या. कुठल्या म्हणून विचारलं तर मालाचा पत्ता थेट उत्तर प्रदेशातला, अमरोहा. तिथे आंब्याच्या लाकडाची खोडं कातून देशभर ढोलक जातात. २०२३ साली त्या ढोलकाला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे वऱ्हाडातलं पोर गणपतीत जी ढोलकी बडवतं ती गंगेकडून आलेली. तुम्हाला हे आवडणार नाही. दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही, आणि त्याचं खरंच आहे: इथे खोड कातणाऱ्याला पोसेल एवढी विक्री वर्षातून दोन महिने.

करणारे दुकानात नाहीत, मागच्या गल्लीत आहेत. घराच्या ओट्यावर, पुढ्यात पाण्याचं घमेलं, त्यात भिजत घातलेलं बकऱ्याचं कातडं. वास तुम्हाला आठवेल. मी गेले तर ओट्यावरच्या काकांनी तुमचा मृदंग हातात घेतला, उलटा केला, आत बोट घालून फिरवलं आणि म्हणाले, "शिसवी हाय. पन्नास वर्सं कुठं जात नाय." मग पुडीकडे पाहून काही बोलले नाहीत. ती पुडी मुंबईत ज्याने चढवली त्याच्याबद्दलचं ते मत होतं.

संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसून राहिले. एका मृदंगाची शाई भरत होते. लोखंडाचा बारीक कीस, काजळी, भाताची खळ. बोटाने एक पातळ थर लावायचा, काळ्या गुळगुळीत दगडाने घोटत राहायचं, सुकू द्यायचं, पुन्हा थर. मधला भाग जाड, कडेला पातळ होत गेलेला. मध्येच थाप मारून ऐकायचं, आणि पुन्हा घोटायचं. घाई केली तर पावसाळ्यात शाईचे पोपडे निघतात, म्हणाले. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं ते हेच: साध्या ढोलाच्या कातड्यातून बेसूर उपस्वर निघतात, पण आपल्या मृदंग-तबल्यावर मधोमध हे वजन बसवलं की ते उपस्वर ओळीत येतात आणि तारेच्या वाद्यासारखा सूर लागतो. रामन यांनी कातड्यावर वाळू पसरून कंपनं पाहिली. या माणसाने दगड थांबवला, मान तिरकी केली आणि एक थर खरवडून काढला. मी क्लासात मुलांना शाईबद्दल जे सांगते ते आता बदलायला हवं.

रात्री खोलीवर पडल्या पडल्या एकच गोष्ट सलत होती. वाजवणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. तुम्ही इंदूरच्या नाना पानशांपासून सुरू करता आणि शंकरबापू आपेगावकरांपाशी, त्यांच्या १९८६ च्या पद्मश्रीपाशी आलात की डोळे पुसता. यांच्या मृदंगांची खोडं कोणी कातली, पुड्या कोणी चढवल्या? झाकीर हुसेन गेले तेव्हा, डिसेंबर २०२४ मध्ये, त्यांचे तबले घडवणारे हरिदास व्हटकर पेपरात आले. म्हणजे घडवणाऱ्याचं नाव छापायला जगातला सगळ्यात मोठा तबलजी जावा लागला. मी या ओट्यावरच्या काकांना विचारलं, आत कुठे नाव लिहिता का? "कायले? तुटला तं मलेच शिव्या भेटतीन."

मृदंग काकांनी ठेवून घेतलाय; तो होईपर्यंत इकडची वाद्यं ऐकत फिरते. वादी, गजरा, पुडी, सगळं नवं. तुम्ही दिलेल्या पैशात नुसती वादी येते. उरलेले मी घातले, हिशेब नंतर.

जेवण: ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, आणि ठेचा असा की कान गरम झाले. थंडीवर एवढा एकच उपाय सापडला आहे.

जळगाव जामोद, १४ जानेवारी

ती. बाबा, ती. आई,

तिळगूळ घ्या. इथे घरमालकिणीने माझ्या हातावर ठेवला आणि "एकट्याच कायले फिरून राह्यल्या माय?" असं विचारलं. तोवर बरी होते. आईने यंदा तिळाच्या पोळ्या केल्या का? गुडघा दुखत असेल तर करू नको म्हणावं, पण केल्या असतील तर दोन ठेवा.

१२ तारखेला सिंदखेडराजाकडे जायचं ठरलं होतं ते सोडून दिलं. जिजाऊ जयंती, सगळ्या गाड्या तुडुंब, उभं राहायलाही जागा नाही.

इथे खंजिरी ऐकली. तुकडोजी महाराजांची आपण फक्त भजनं ऐकतो आणि हातातली खंजिरी विसरतो. १९६८ साली ते गेले, पण वऱ्हाडात खंजिरी अजून गावाला उठवून बसवते. पलीकडे अकोट तालुक्यातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या मांडून कीर्तन करतात. दारू, हुंडा, बुवाबाजी, सगळ्यांची खरडपट्टी त्याच तालावर. परवा मी ऐकला तो त्यांच्या वळणाने वाजवणारा एक तरुण. डाव्या हाताची बोटं कातडं दाबून सूर चढवत होती, उजवा हात एकीवरून दुसरीवर. मध्येच कुत्र्याचं भुंकणं, एसटीचा हॉर्न, सासूचं बोलणं, सगळं खंजिरीतून काढलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि शेवटी दारूवर आला तेव्हा पुरुष जमिनीकडे बघत होते. तबल्याच्या मैफलीत मी असा श्रोता पाहिला नाही. तुम्ही म्हणाल, यात शास्त्र कुठे आहे? आहे, बाबा. लय एकदाही हलली नाही, आणि तोंडाने अखंड बोलणं चालू होतं.

पूर्वी खंजिरीला घोरपडीचं कातडं असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते गेलं. गोव्यातल्या घुमटाचंही तेच झालं. आता बकऱ्याचं चढवतात. जुने वादक म्हणतात आवाज उतरला. त्या तरुणाच्या खंजिरीवर तर प्लॅस्टिक होतं. पावसात चालतं, म्हणाला.

सातपुड्याच्या पायथ्याला कोरकूंच्या एका पाड्यावर जाऊन आले. ढोल घराच्या आढ्याला टांगलेला होता, चुलीच्या धुरात, म्हणजे कातड्याला कीड लागत नाही. वाजवून दाखवा म्हटलं तर हसून नाही म्हणाले. होळीला या.

चिखली, १८ जानेवारी

ती. बाबा,

बुलडाण्याला दोन रजया घेऊन झोपले. लोणार पाहिलं, मोठं आहे. सर्दी झाली आहे, काळजी नको.

आज डफड्यासाठी एका गावात गेले. म्हातारबा पाचट पेटवून डफडं शेकत बसले होते. कातडं तापलं की ताणलं जातं, मग दोन काड्या, एक जाड, एक बारीक. वाजवलं तेव्हा छातीत जाणवलं. पोळ्याला बैलांपुढे, लग्नात, मयतीला, सैलानीच्या संदलला, सगळीकडे हेच हात. मुलगा वाजवतो का, असं विचारलं. "पुण्यात कंपनीत हाय. त्यानं काडी धरली नाय. म्या धरूच दिली नाय." मोठ्या अभिमानाने सांगितलं. ज्या गावाने यांच्या तालावर वराती काढल्या, त्याच गावाने पंगतीत यांना बाजूला बसवलं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी घरांनी ही गावकी झटकून टाकली, आणि आज त्याच वस्त्यांमधली पोरं १४ एप्रिलला ढोल-ताशा वाजवतात ते स्वतःच्या मिरवणुकीत. माझ्यासोबत आलेले एक शिक्षक सारखं म्हणत होते, ही कला टिकली पाहिजे. पाहिजे ना. मग त्यांनी स्वतःच्या मुलाला शिकवावी. मी तोंडावर बोलले नाही, इथे लिहून मोकळी होते.

म्हातारबांनी चहा पाजला. काळा, गूळ घातलेला. या सबंध फेरीत याहून चांगला मिळाला नाही.

खामगाव, २१ जानेवारी

ती. बाबा,

मृदंग मिळाला. थाप मारून पाहिली; तुमच्या हार्मोनियमच्या काळी एकला लागतो, आणखी वर चढवू नका, असं काकांनी दोनदा बजावलं आहे. डाव्या तोंडाला लावायची कणीक मऊ भिजवा, आणि भजन झालं की लगेच खरवडून काढा. तुम्ही ती तशीच वाळू देता, आधीची धूम त्यानेच गेली. उन्हात ठेवू नका. ओढून आणलेली वादी सैल पडेलच, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात न्यायचा नाही, मी आल्यावर बघू.

काकांनी नाव लिहून दिलं नाही. मीच पेन्सिलने आत गाव, तारीख आणि त्यांचं नाव लिहिलं आहे.

परतीचं तिकीट गुरुवारचं आहे. दादाला कल्याणला पाठवा. मृदंग नव्या कातड्याने जड झालाय आणि माझ्या खांद्यात जोर राहिलेला नाही.